वाड्यातली वन बीएचके: भाडं बांधून घेऊ नका, हिस्सा बांधून घ्या



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतोय. "सर, पुण्यात पेठेत एका जुन्या वाड्यात वन बीएचके मिळतेय. मालक महिन्याला वीस हजार म्हणतात, डिपॉझिट एक लाख. मी ती घेतो, छान सजवतो आणि पर्यटकांना रोजच्या भाड्यानं देतो. करू का?"

सोशल मीडियावर याला 'रेंटल आर्बिट्राज' असं भारी नाव आहे. स्वतःची जागा नको, कर्ज नको, दुसऱ्याची जागा घ्या आणि लाखभर कमवा, असं सांगितलं जातं. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले असतात. हातात दोन-तीन लाख असतात, ते पण पीएफमधून काढलेले किंवा आईनं मोडलेल्या एफडीचे. म्हणून गोड न बोलता सरळ सांगतो.

माझं मत असं आहे: वाड्यातली खोली चालवण्याचा धंदा चांगला आहे. पण ती खोली महिन्याच्या ठरलेल्या भाड्यानं घेऊन हा धंदा सुरू करू नका. मालकाबरोबर हिस्सा ठरवा आणि चालवायला घ्या. असं का, ते आता आकड्यांत बघू.

रीलमधलं गणित आणि वहीतलं गणित

रीलमधलं गणित दोन ओळींचं असतं. एका रात्रीचे २,५०० गुणिले ३० रात्री, झाले ७५,०००. त्यातून भाडं २०,००० वजा केलं की ५५,००० खिशात. संपलं!

आता आपण वही काढू. पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गल्लीत ते वेगळे असतील, पण पद्धत हीच ठेवा.

समजा एका रात्रीचे सरासरी २,२०० रुपये मिळतात. गर्दीच्या दिवसांत जास्त, पावसाळ्यातल्या मंगळवारी कमी. बुकिंग साइटचं कमिशन १५ टक्के धरू, म्हणजे ३३० रुपये गेले. झाडलोट आणि चादरी-टॉवेलची धुलाई, रात्रीमागे २५०. चहा-साखर, साबण, पिण्याचं पाणी ७०. म्हणजे एका रात्रीमागे ६५० रुपये खर्च आणि हातात राहिले १,५५०.

आता खोली रिकामी असली तरी चुकत नाहीत ते खर्च. भाडं २०,०००. लाइट, इंटरनेट, गॅस मिळून ३,०००. छोटी-मोठी दुरुस्ती २,०००. एकूण २५,०००.

२५,००० भागिले १,५५०. उत्तर येतं १६ पेक्षा थोडं जास्त. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या सोळा रात्री तुम्ही मालकासाठी, साइटसाठी आणि धोब्यासाठी काम करता. सतरावी रात्र भरली की तुमचा पहिला रुपया सुटतो.

वर्षाची सरासरी चौदा रात्री आली तर? १४ गुणिले १,५५० म्हणजे २१,७००. दर महिन्याला ३,३०० रुपये तोटा. वीस रात्री भरल्या तर ३१,००० वजा २५,०००, म्हणजे ६,००० नफा. पण थांबा. पलंग, गादी, एसी, गीझर, रंग, वायरिंग यात तुम्ही समजा २,४०,००० घातले. ते तीन वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला ६,६६७ बाजूला काढावे लागतात. म्हणजे वीस रात्री भरूनही तुम्ही साडेसहाशे रुपयांनी मागेच. आणि यात तुमचा स्वतःचा पगार शून्य धरलाय. रात्री साडेबाराला फोन उचलायचा, सकाळी गीझर का चालत नाही ते बघायचं, हे सगळं फुकट.

मी तुम्हाला घाबरवत नाहीये. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. या धंद्यात तुमचं उत्पन्न रोज बदलतं आणि भाडं मात्र दर पाच तारखेला ठरलेलं असतं. ज्याच्याकडे सहा महिने तोटा सोसायची ताकद आहे, त्यानंच असं ओझं उचलावं.

वाडा म्हणजे फ्लॅट नाही

काही जण म्हणतील, हे गणित कुठल्याही फ्लॅटला लागू आहे. बरोबर आहे. पण वाड्यात त्याच्यावर अजून एक थर चढतो.

पुण्याचे जुने वाडे कसे बांधलेत बघा. खाली दगडी जोतं, सागवानी खांब आणि तुळया, मधे वीट-मातीची जाड भिंत, वर कौलं किंवा पत्रा. मधला चौक, ओसरी, बाहेर दिंडी दरवाजा. पाहुण्याला हेच हवं असतं. फोटोत हेच विकलं जातं. आणि खर्चही इथूनच निघतो.

पावसाळ्यात कौलातून गळती होते, भिंतीला ओल धरते, नवा रंग चार महिन्यांत पोपडे धरून सुटतो. मातीच्या भिंतीत एसीचे ब्रॅकेट नीट बसत नाहीत. वायरिंग पन्नास वर्षांपूर्वीचं असेल तर एसी आणि गीझर एकत्र लावल्यावर फ्यूज उडणार. लोड वाढवायचा तर महावितरणकडे अर्ज मालकाच्या नावानं करावा लागतो. लाकडी घर आहे, वायरिंगमध्ये कंजुषी चालत नाही. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, हे आपण शाळेत शिकलोय.

काही वाडे महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहेत. तिथे बाहेरून बदल करायचा तर आधी परवानगी लागते. खिडकी बदलली, दर्शनी भागाला वेगळा रंग दिला, बोर्ड ठोकला आणि मग विचारलं, असं चालत नाही.

आणि सगळ्यात मोठी जोखीम. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुणे महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. काही वाडे रिकामे करायला सांगते, काही उतरवते. ही नोटीस येते इमारतीला, पण त्यात घातलेले तुमचे दोन लाख चाळीस हजार परत कोण देणार? मालक म्हणणार, मी काय करू? करारात तसं लिहिलेलं नसेल तर तुम्हालाही म्हणायला जागा नाही.

दुसऱ्याच्या भिंतीत पैसे घालायचे, भिंतीची जोखीम आपण घ्यायची आणि वर त्यालाच भाडं द्यायचं. हा सौदा मला पटत नाही.

तुम्हाला जागा देतोय तो आहे कोण?

वाड्यात हा प्रश्न पहिला विचारा. जो तुम्हाला खोली दाखवतो तो मालकच असेल असं नाही.

थोडा इतिहास बघू. वाड्यात बिऱ्हाडं ठेवायची पद्धत जुनी. १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि भाडी गोठली. 'प्रमाण भाडं' ठरवताना १९४० च्या सप्टेंबरमधलं भाडं पायाला धरलं गेलं. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय झाली. पण मूळ आकडाच इतका छोटा, की त्याचे चार टक्के वाढून काय होणार? त्यामुळे आजही पेठांत असे भाडेकरू आहेत ज्यांचं महिन्याचं भाडं हॉटेलातल्या एका थाळीपेक्षा कमी आहे.

आता अशा जुन्या भाडेकरूनं स्वतः कोथरूड किंवा सिंहगड रोडला फ्लॅट घेतलाय आणि वाड्यातली खोली तो तुम्हाला वीस हजारांनी देतोय, असं असू शकतं. पोटभाडेकरू ठेवायचा हक्क त्याच्या करारात नसेल तर तो देऊच शकत नाही. बेकायदा पोटभाडेकरू ठेवणं हे त्याला जागेतून काढायचं कायदेशीर कारण ठरतं. खरा मालक कोर्टात गेला तर त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर.

दुसरा प्रकार म्हणजे मालक खरा असतो, पण एकटा नसतो. आजोबांच्या नावचा वाडा, वाटण्या झालेल्या नाहीत, चुलत-आत्ये मिळून बारा नावं. एक भाऊ तुम्हाला चावी देतो आणि सहा महिन्यांनी दुसरा येऊन विचारतो, "तुम्ही कोण?" म्हणून नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, बघितल्याशिवाय एक रुपया टोकनही देऊ नका. त्यावर जितकी नावं आहेत तितक्यांची लेखी संमती लागेल, हे धरून चाला.

तिसरा प्रकार करारातला. लिव्ह अँड लायसन्सच्या बहुतेक तयार मसुद्यांत 'फक्त स्वतःच्या राहण्यासाठी' असं असतं. त्या करारावर तुम्ही रोज नवे पाहुणे उतरवले की करार मोडला तुम्ही. मग डिपॉझिट मागायला कुठल्या तोंडानं जाणार?

मग करायचं काय?

वाड्याच्या मालकाच्या जागी बसून बघा. त्याच्या दोन-तीन खोल्या कुलूप लावून पडल्यात. त्या तो भाड्यानं का देत नाही? कारण त्याच्या आजोबांनी एकदा दिल्या होत्या आणि त्या तीन पिढ्या परत आल्या नाहीत. त्याला वीस हजारांचा मोह आहे, पण त्याहून मोठी भीती आहे.

खरं तर आजचा कायदा त्याच्या बाजूनं बराच सुधारलाय. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असला, तर राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळवायला १९९९ च्या कायद्यातच झटपट मार्ग आहे. मुदतीनंतर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई मागता येते. नोंदणीचा खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेवर पाव टक्का आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. तरीही भीती जात नाही. घर पोळलेलं असतं.

तुमची संधी इथेच आहे. त्याला सांगा, "काका, मला जागा भाड्यानं नकोच. जागा तुमची, चावी तुमची, ताबा तुमचा. मी फक्त चालवतो. जे सुटेल त्यात तुमचा हिस्सा आणि माझा हिस्सा."

हा व्यवस्थापनाचा करार. यात तुम्ही भाडेकरू नसता, सेवा देणारे असता. वायरिंग, छप्पर, बाथरूम, पलंग मालकाचा खर्च. कारण भिंत त्याची, उद्या त्याच्याकडेच राहणार. चादरी, टॉवेल, फोटो, साइटवरची यादी, पाहुण्यांशी बोलणं, साफसफाई हे तुमचं काम. तुमची गुंतवणूक दोन-अडीच लाखांवरून वीस-पंचवीस हजारांवर येते.

आकडे तेच ठेवून बघू. रात्रीमागे खर्च जाऊन १,५५०. वीस रात्रींचे ३१,०००. लाइट-इंटरनेटचे ३,००० गेले, राहिले २८,०००. मालकाला ६५ टक्के म्हणजे १८,२००, तुम्हाला ३५ टक्के म्हणजे ९,८००. आणि चौदाच रात्री भरल्या तर? २१,७०० वजा ३,०००, म्हणजे १८,७००. तुमचे ३५ टक्के ६,५४५. कमी आहेत, पण बघा, आधी याच चौदा रात्रींत खिशातले ३,३०० जात होते.

एका खोलीवर घर चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण पैसा भिंतीत अडकला नाही तर तुम्ही दुसरी आणि तिसरी खोली घेऊ शकता. एकाच गल्लीत तीन खोल्या झाल्या की तीच मावशी तिन्ही ठिकाणी साफसफाई करते, तोच धोबी तिन्हींचे गठ्ठे नेतो. वीस रात्रींच्या हिशोबानं २९,४००. तुमचा धंदा पाहुणे सांभाळण्याचा आहे. त्यातच हुशारी वाढवा.

"सर, मालक तयार होणार नाही"

हे वाक्य मी पुष्कळदा ऐकतो. उत्तर असं आहे.

ज्या मालकाला महिन्याला वीस हजार देणारं चांगलं कुटुंब आत्ताच मिळतंय, तो खरंच तयार होणार नाही. आणि त्यानं होऊही नये! वरच्या हिशोबात वीस रात्री भरूनही त्याच्या हातात १८,२०० येतात, त्यातून दुरुस्तीही त्याचीच. मग त्यानं कटकट का घ्यावी? सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची खोल्यांना कायम मागणी असते. तिथे महिन्याचं भाडं हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. मालक नाही म्हणाला तर त्यानं तुम्हाला फुकटात मार्केटचा सल्ला दिला असं समजा.

तुमचा मालक वेगळा आहे. ज्याची खोली कुलूपबंद आहे, ज्याला आज शून्य मिळतात, ज्याला वाडा लगेच बिल्डरला द्यायचा नाहीये पण घरपट्टी आणि कौलं शाकारायचा खर्च चुकत नाहीये, असा माणूस शोधा. त्याला १२-१८ हजार शून्यापेक्षा जास्तच वाटतील. पेठेत फिरलात तर कुलपं दिसतात. ओटीवर बसलेल्या आजोबांना विचारलं की कुलूप कुणाचं तेही कळतं.

दुसरा आक्षेप असतो, "हिस्सा दिला तर जास्त कमाई झाली की मालकाचंही वाढणार, भाडं ठरलेलं असतं तर वरचे सगळे माझे." बरोबर आहे. म्हणून मी कायमचं नाही म्हणत नाही. बारा महिने हिस्स्यावर चालवा. त्यात एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे, एक गणेशोत्सव आला पाहिजे. गणपतीत पेठेतल्या खोलीला मागणी येते, पण रस्ते बंद असतात, ढोल-ताशा खिडकीखाली असतो आणि पाहुण्याची गाडी दारापर्यंत येत नाही. हे सगळं बघून वर्षाची सरासरी वीसच्या वर गेली, तर मालकाशी ठरलेल्या भाड्याचं बोला. तेव्हा तुमच्याकडे अंदाज नसेल, स्वतःची वही असेल.

सुरू करण्याआधी या गोष्टी पक्क्या करा

१. मिळकत पत्रिका आणि तिच्यावरच्या सगळ्यांची लेखी संमती.

२. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, आणि महापालिकेची नोटीस आलीय का, हे मालकाला लेखी विचारा. ऑडिट नसेल तर ते आधी, पाहुणे नंतर. इथे पाहुण्याच्या जिवाचा प्रश्न आहे, तडजोड नको.

३. करार वकिलाकडून करून घ्या. त्यात तीन ओळी हव्यातच. दुरुस्ती कुणाची. इमारतीला नोटीस आली तर कुणी कुणाला काय द्यायचं. आणि हिशोब महिन्याच्या कुठल्या तारखेला.

४. पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेत नोंदणीची चौकशी करा. रोजच्या भाड्याचं उत्पन्न आणि महिन्याचं घरभाडं यांना आयकर सारखा लागत नाही. घरभाड्यावर मिळणारी ३० टक्क्यांची वजावट इथे मिळेलच असं नाही. सीएला एकदा भेटा.

५. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घ्या. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हे टाळलं तर धंदा एका दिवसात बंद पडेल.

६. वाड्यातल्या बाकीच्या बिऱ्हाडांशी बोला. दिंडी दरवाजा रात्री किती वाजता लागतो? रात्री एकच्या गाडीनं येणाऱ्याला कडी कोण काढणार? चौकात कपडे वाळत घालणाऱ्या काकूंचा रोज उठून फोटो काढला तर चालेल का? शेजारी नाराज असतील तर कुठलंही लायसन्स उपयोगाचं नाही.

७. यादीत खरं लिहा. जिना अरुंद आणि उभा आहे, दोरी धरून चढावं लागतं, पार्किंग नाही, सकाळी देवळातली घंटा ऐकू येते. हे आधी वाचून जो येतो तो खुश होऊन जातो. हे लपवून जो आणला तो एक स्टार देऊन जातो.

शेवटी एवढंच

पेठांतले वाडे कमी होत चाललेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठचे कित्येक गेले, त्यानंतरचे इमारतींनी नेले. जे उरलेत त्यातले काही तरी मालकाच्या खिशाला परवडले पाहिजेत, तरच उभे राहतील. तुमच्यासारखा मेहनती मुलगा किंवा मुलगी तिथे चार पाहुणे आणत असेल तर मला आनंदच आहे. पण वाडा वाचवण्याचा खर्च तुमच्या आईच्या एफडीतून होऊ नये.

या आठवड्यात एकच काम करा. डिपॉझिटचा चेक लिहू नका. वही घ्या, तुमच्या शहरातल्या जुन्या भागात दोन संध्याकाळी पायी फिरा आणि कुलूप लावलेल्या पाच खोल्या लिहून काढा. प्रत्येकीचा मालक कोण, तो कुठे राहतो, आज त्याला त्यातून किती मिळतात, एवढं विचारा. पाचातला एक जण जरी "या, बोलू" म्हणाला, तरी तुमचा धंदा सुरू झाला.